किल्लारीच्या आठवणी टिपायला निघालीस म्हणून

चि. ...,
अनेक उत्तम आशीर्वाद.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांच्या मुलाखतींसाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. चाळीस प्रश्न आहेत आणि त्यातला पहिलाच, ‘भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न किल्लारी, सास्तूर, तळणीच्या माणसांना तीसहून जास्त वर्षं सगळे विचारत आलेत. त्याचं उत्तर आता पाठ झालंय. तो विचारलास तर दरवेळी सांगून गुळगुळीत झालेली तीच पाच मिनिटं तुझ्याही पदरात पडतील. तो काढून टाक आणि विचार, ‘त्या रात्री घरात कोण कुठे झोपलं होतं?’

सोबत कोरा कागद आणि पेन्सिल ने. बोलणाऱ्यालाच घर काढायला सांग, हात थरथरत असेल तर ते सांगतील तसं तू काढ. तिकडचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खणांवर (दोन तुळयांमधल्या जागांवर) मोजतात, तेव्हा आधी खण विचार, मग दार कोणत्या दिशेला, ओसरी कुठे, चूल कुठे, कणगी कुठे, जनावरं कुठे बांधलेली. मग एकेक माणूस मांडत जा. बाजेवर की खाली, डोकं कुठे, शेजारी कोण. ही मांडणी आठवणीला आधार देते, शिवाय ती दुर्घटनेच्या गाभ्याला जाऊन भिडते. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, त्यावर लाकडाचं माळवद आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेले मातीचे थर. हादऱ्यात भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटले आणि ती सगळी माती झोपलेल्यांवर आली. अंगणात, शेतात किंवा कुडाच्या झोपडीत झोपलेली माणसं बरीचशी वाचली. म्हणून ‘आत की बाहेर’ हे तुझ्या मुलाखतीत सगळ्यात जपून विचारायचं. काही जणांनी त्या एका उत्तराचं ओझं इतकी वर्षं वागवलंय: ‘मी बाहेर झोपलो आणि ती आत होती.’

कागदावर ‘जुनं गाव’ असं ठळक लिहून ठेव. पूर्ण पडलेली ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, त्यामुळे जुने आळी-गल्लीचे शेजार मोडले. ‘शेजारच्याने मला ओढून काढलं’ असं कोणी म्हणालं की तो जुन्या गावातला शेजारी की आत्ताचा, हे लगेच विचारून घे. न विचारता घरी आलीस तर टिपण करताना दोन माणसं एक होतील, आणि मग ती सोडवायला परत जावं लागेल. तालुक्यांचंही तसंच. सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे, पण १९९३ साली ते उमरग्यात होतं. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. माणूस जे नाव घेईल तेच लिही, आजचं नाव समासात टाक.

आता वेळेचं. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गुरुवारी. बुधवारी, २९ तारखेला, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं नुकती झोपली होती. लोक ‘चतुर्दशीच्या रात्री’ म्हणतात ते बरोबर आहे, कारण आपल्याकडे दिवस उगवतीपासून धरतात. पण कोणी ‘३० तारखेच्या रात्री’ म्हणालं तर थांब. त्यांना तीच पहाट म्हणायची असेल, किंवा त्यानंतरची, उघड्यावर काढलेली पहिली रात्र म्हणायची असेल. दोन्हींत वीस तासांचा फरक आहे आणि त्या वीस तासांत सगळं बदललं होतं.

पंचांग सोबत असू दे. पौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे पहाटे चारला जवळजवळ पूर्ण चंद्र पश्चिमेकडे कललेला. ‘अंधार होता का?’ असं विचारू नकोस, ते उत्तर तोंडात घालणं झालं. ‘बाहेर आल्यावर काय दिसलं?’ इतकंच विचार. कोणी चांदणं सांगेल, कोणी काळोख. काळोख सांगणारा खोटं बोलतोय असं नाही. हजारो माळवदं एकदम खाली आल्यावर उठलेल्या धुळीतून दिसणार काय? धुळीचं त्यांनी आपणहून सांगितलं तर सोनं समज, पण तू सुचवू नकोस.

सगळ्यात मोठी गफलत १९९२ ची. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून किल्लारीला हादरे बसत होते, ऑक्टोबरात एक बराच मोठा बसला. लोक तेव्हा भीतीने घराबाहेर झोपत, मग हळूहळू परत आत गेले. आज सांगताना ही दोन वर्षं एकमेकांत शिरतात. ‘आम्ही तर बाहेरच झोपायचो’ हे वाक्य आलं की विचार, ‘त्या साली पीक काय होतं? घरात कोणाचं लग्न, बाळंतपण झालं होतं का?’ साल विचारून साल मिळत नाही, लग्नावरून मिळतं. नंतरच्या धक्क्यांचंही तेच. पहिला आवाज आणि चार दिवसांनी बसलेल्या धक्क्याचा आवाज स्मरणात एकत्र होतात. नंतर आलेल्या पावसाने ढिगारे उपसणं अवघड केलं, तो पाऊस काहींच्या आठवणीत थेट भूकंपाच्या पहाटेच येतो.

काही गोष्टी मात्र सरळ अशक्य आहेत, त्या ओळखता यायला हव्यात. भारतात मोबाईल १९९५ साली आला, तेव्हा ‘भावाचा मोबाईल आला’ हे नंतरचं कलम. बातम्यांच्या चोवीस तासांच्या भारतीय वाहिन्या तेव्हा नव्हत्या. दिवसभर चाललेलं थेट प्रक्षेपण आठवत असेल तर ते बहुधा २००१ च्या भुजचं आहे. पुण्या-मुंबईचा माणूस ‘सकाळी पेपरात वाचलं’ म्हणाला, तर ती सकाळ शुक्रवारची असणार. पहाटे चारच्या घटनेची बातमी गुरुवारच्या सकाळच्या अंकात कुठून येणार? गुरुवारी सकाळीच कळलं असेल तर रेडिओ, फोन किंवा शेजारी, यांपैकी काय ते विचार.

आणि ठामपणाला पुरावा समजू नकोस. १९८६ साली अमेरिकेत चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने एमरी विद्यापीठातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांचं एकही उत्तर जुळलं नाही, सगळी उत्तरं जुळली ती फक्त तिघांची. चुकलेले बहुतेक अगदी ठाम होते. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही काहींना नवीच आठवण खरी वाटत राहिली. ही माणसं दूरवरून बातमी ऐकणारी होती, ढिगाऱ्याखालून निघालेल्यांना हाच हिशेब लावू नकोस. पण लातूरच्या बाहेरच्यांच्या मुलाखती घेशील तेव्हा हे ध्यानात असू दे.

चूक सापडली म्हणून बोलणाऱ्याला दुरुस्त करायचं नाही. टिपणाच्या समासात तीन अक्षरं वापर: ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘न’ म्हणजे नंतर वाचलेलं किंवा टीव्हीवर पाहिलेलं. चुकीचं वाक्य आहे तसं ठेवून पुढे पंचांगाचा किंवा बातमीचा आधार लिही. १९९३ साली चार वर्षांच्या आतल्या असलेल्यांचं जवळजवळ सगळं ‘ऐ’ निघेल, ते बहुतेक आईच्या तोंडून आलेलं असतं. म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही, पण चिन्ह पाहिजेच.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. फोन विमान मोडवर, जोडीला दुसरं यंत्र. कॉलरचा माईक बायकांच्या पदराला लावलास तर पदर सरकतो, मंगळसूत्राचे मणी आपटतात आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य खरखरीत बुडतं. त्यापेक्षा घडी घातलेल्या टॉवेलवर माईक ठेव, तोंडापासून दोन-तीन वितींवर. पंखा बंद करायला सांग, पत्र्याच्या घरात पाऊस आला तर सरळ थांब. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे स्वतःच्या आवाजात बोल. एका बैठकीला दीड तास पुरे. एक तास उतरवायला सहा-सात तास लागतात हे धरूनच आठवड्याला दोनपेक्षा जास्त मुलाखती ठरवू नकोस. उतरवताना ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नकोस.

३० सप्टेंबरला जाऊ नकोस. त्या दिवशी कॅमेरे असतात, श्रद्धांजलीची भाषणं असतात, आणि माणसं भाषणासारखं बोलतात. सरपंचाला सोबत नेऊ नकोस, मदतीच्या यादीचा विषय निघाला की त्याच्यासमोर कोणी मोकळं होत नाही. कोणाला कोणत्या मापाचं घर मिळालं, कोणाचं नाव यादीतून सुटलं, यावर भावकीत आजही भांडणं आहेत. ते बोलणं मिळालं तर वेगळ्या फाईलला ठेव आणि त्यांच्या परवानगीशिवाय कोणाला ऐकवू नकोस.

‘कोण गेलं?’ असं विचारायचं नाही. नकाशावर मांडलेली माणसं समोर असतात, ते स्वतःच बोट ठेवतात. आधीच ठरवून घे की त्यांनी हात उचलला की यंत्र बंद. रडू आलं तर पाणी पुढे कर आणि गप्प बस, पुढचा प्रश्न घाईने टाकू नकोस. मुलाखत मृत्यूपाशी सोडून उठायचं नाही. नंतरचा पहिला स्वयंपाक कुठे झाला, चूल कोणी मांडली, हे विचार. तिथे बायका पुष्कळ बोलतात आणि ते आजवर कोणी फारसं लिहून घेतलेलं नाही.

पहिली मुलाखत झाली की उतरवायला बसण्याआधी मला त्या घराच्या नकाशाचा फोटो पाठव. मूळ कागद त्यांच्याकडेच राहू दे.