पीएचडीसाठी अमेरिकेला जाताना बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं, की आधी एकट्याने जाऊन घर लावून सहा महिन्यांनी बोलवावं?

सोबत न्या. तिघंही एकाच विमानाने जा.

तुम्ही लिहिलंय की घरातले सगळे "आधी तू एकटा जा, बस्तान बसव, मग दोघींना ने" असं सांगतायत, तुम्हालाही ते पटतंय, आणि घर लावायला साधारण खर्च किती येईल तेवढं हवंय. अगदी हेच वाक्य 2016च्या मे महिन्यात कराडला आमच्या सोप्यात बसून माझ्या मोठ्या दिरांनी माझ्या नवऱ्याला ऐकवलं होतं. वर म्हणाले होते, "पहिल्याच खेपेला बायको-पोरीचं लोढणं कशाला गळ्यात?" मी आतल्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, तो शब्द अजून मनातून जात नाही. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

नवऱ्याला मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. फी माफ आणि दरमहा मानधन. मी हायस्कूलला गणित शिकवायचे, पर्मनंट होते. लेक सव्वादोन वर्षांची. त्या रात्री मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "सहा महिन्यांनी म्हणजे कधी? मोजलंस का?" त्याने मोजलं नव्हतं. तुम्हीही मोजलं नसणार. तुम्ही जाणार ऑगस्टमध्ये, कारण तिकडचं सत्र तेव्हा सुरू होतं. त्यात सहा मिळवले की फेब्रुवारी येतो.

फेब्रुवारीत मॅडिसनचं मेंडोटा तळं गोठून इतकं टणक झालेलं असतं की लोक त्यावरून चालत जातात, भोकं पाडून मासे धरतात. झोपाळे, घसरगुंडी सगळं बर्फात. शेजारी कोण राहतं ते कळायला मार्ग नाही, कारण जो तो घरात. नवऱ्याचं तोवर सगळं मार्गी लागलेलं असतं. त्याचे मित्र झालेले असतात, त्याला बस कळलेली असते, बर्फावर कसं चालायचं तेही कळलेलं असतं. अशा वेळी जिने जन्मात बर्फ पाहिलं नाही ती बाई कडेवर पोर घेऊन उतरते आणि तिला सांगतात, घर लावून ठेवलंय, तू फक्त ये. आमच्या खालच्या मजल्यावर अशी एक आली होती, जानेवारीत. चांगली शिकलेली, बोलकी मुलगी. एप्रिल उजाडेपर्यंत मी तिला चार वेळा पाहिलं असेल. तिच्या घरात सगळं होतं. सोफा, टीव्ही, पलंग. डाळ-तांदळाचे डबे कुठल्या फळीवर तेसुद्धा नवऱ्याने ठरवून टाकलेलं. ती एकदा मला म्हणाली, "ताई, मी माझ्याच घरात पाहुणी आल्यासारखी वावरते."

आम्ही 9 ऑगस्टला पोचलो. ईगल हाइट्स म्हणून विद्यापीठाची वसाहत आहे, कॅम्पसच्या पश्चिम टोकाला, तळ्याकाठच्या झाडीत. बिऱ्हाड असलेले विद्यार्थी तिथेच जागा बघतात. आवारात रानटी टर्की कळपाने हिंडतात, लेक त्यांना लांडोर म्हणायची. घरात शेगडी आणि फ्रीज, बाकी नुसत्या भिंती. तीन तिकिटांवर सहा बॅगा नेता आल्या होत्या, म्हणून कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा आणि चार सोलापुरी चादरी एवढं तरी आलं होतं. एकट्याच्या दोन बॅगांत त्याची पुस्तकं आणि थंडीचे कपडे भरले असते, संपलं. पहिले पाच दिवस चादरींची चौघडी घालून जमिनीवर झोपलो आणि जमिनीवरच जेवलो. लेकीला त्याचं काहीच नव्हतं. नवरा मात्र रोज रात्री कपाळाला हात लावून बसायचा. भाऊजींचं ऐकायला हवं होतं असं त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण मला दिसत होतं.

मग कपडे धुवायच्या खोलीत एका बाईने सांगितलं, 14 तारखेला गावात जा. मॅडिसनमध्ये विद्यार्थ्यांच्या बऱ्याचशा खोल्यांचे करार 14 ऑगस्टला संपतात आणि नवे 15 ला सुरू होतात. निम्मं गाव एकदम घर बदलतं, आणि जे सोबत नेता येत नाही ते रस्त्याकडेला ठेवून देतं. तिथे त्याला हिप्पी ख्रिसमस म्हणतात. आम्ही मिफ्लिन स्ट्रीटला गेलो. एका झाडाखाली पाइनच्या लाकडाचं टेबल होतं, साधारण चार फूट लांब. एका पायाचा बोल्ट गेलेला, त्यामुळे तो पाय लुळा. वर गरम भांडं ठेवल्याचा पांढरा गोल डाग. बाकी ठणठणीत. मी हात फिरवून बघितलं, उलटं करून सांधे बघितले, ढेकणाचं कुठे काही नाही ना तेही बघितलं.

नवरा दोन पावलं लांब उभा. म्हणाला, "दुसऱ्याने टाकलेलं घरात न्यायचं? कुणी बघितलं तर?"

मी म्हटलं, "आपल्याला येऊन पाच दिवस झालेत. इथे ओळखतंय कोण?"

बसमध्ये ते चढण्यासारखं नव्हतं. बाबागाडीवर टेबल उलटं ठेवलं, माझ्या ओढणीने आवळून बांधलं, लुळा पाय काढून पिशवीत टाकला. लेक बापाच्या खांद्यावर. तिथून ईगल हाइट्स पाच किलोमीटरच्या वर आहे. तळ्याच्या कडेकडेने पायवाट जाते, मागे मी ढकलतेय, पुढे तो एका हाताने पोरीचे पाय धरून दुसऱ्या हाताने टेबल सावरतोय. गाठ दर दहा मिनिटांनी सैल व्हायची. पिकनिक पॉइंटच्या फाटकापाशी दम खायला थांबलो तर मागून एक चिनी जोडपं आलं. त्यांच्या बाबागाडीत पोर नव्हतं, मायक्रोवेव्ह होता, आणि पोर आईच्या पाठीवर झोपलेलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही त्यांच्याकडे. इंग्रजी त्यांचंही जेमतेम होतं, माझंही. शेवटच्या चढावर त्या माणसाने आपली गाडी बायकोकडे दिली आणि आमच्या टेबलाला खांदा लावला. घर विचारलं तर त्यांचं शेजारच्याच इमारतीत.

त्या बाईने आणि मी पुढची पाच वर्षं एकमेकींची पोरं सांभाळली. आठवड्यातून दोन सकाळी तिची पाळी, दोन सकाळी माझी. पाळणाघराचे दर तुम्ही नेटवर बघितले असतील, एका मानधनात ते परवडत नाहीत. लेक तिच्याकडे चॉपस्टिक धरायला शिकली आणि तिचा मुलगा आमच्याकडे वरण-भात हाताने खायला. ही ओळख झाली कारण आम्ही दोघी एकाच आठवड्यात, सारख्याच रिकाम्या हातांनी तिथे उतरलो होतो. ऑगस्टमध्ये सगळेच नवे असतात. कुणालाही काहीही विचारता येतं.

टेबल लावल्यावर नवऱ्याने कौतुकाने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, मागची गोष्ट सांगितली. भाऊजींचं उत्तर आलं, "अमेरिकेला जाऊन कचरा गोळा करताय?"

मी तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहिते. नवऱ्याने त्याच टेबलावर प्रबंध लिहिला. लेकीने त्याच्यावर पहिला "अ" गिरवला. 2019च्या जानेवारीअखेर पारा उणे तीस सेल्सियसच्याही खाली गेला, विद्यापीठ बंद ठेवलं होतं, तेव्हा दोन दिवस दोन्ही बिऱ्हाडं त्याच टेबलाभोवती बसून होती. असलं घर आधी एकट्याने लावून ठेवता येत नाही.

सगळं गोड होतं असं अजिबात नाही. पहिल्या फेब्रुवारीत मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. विद्यार्थ्याच्या बायको-मुलांना जो एफ-टू व्हिसा मिळतो त्यावर तुमच्या बायकोला नोकरी करता येत नाही, पैसे घेऊन घरी शिकवणीसुद्धा नाही. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचा सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही. प्रत्येक फॉर्मवर ती "डिपेंडंट". वर्गात उभं राहिलं की साठ पोरं गप्प होत असलेल्या बाईला हा शब्द कसा टोचतो ते मी इथे सांगू शकणार नाही. 2015पासून नियम बदलला, एफ-टूवरच्या जोडीदाराला मान्यताप्राप्त कॉलेजात अर्धवेळ शिकता येतं. ते नक्की करा. मी तिसऱ्या वर्षी केलं, पहिल्या वर्षी करायला हवं होतं. आणि वसाहतीला लागून भाजीचे वाफे मिळतात, अर्ज केला की. मी मेमध्ये मेथी-कोथिंबीर पेरली आणि त्या दिवसापासून माझी झोप सुधारली.

पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. आईचं मत लिहिलंय, भावाचं लिहिलंय, मित्राचं लिहिलंय. बायकोचं कुठेच नाही. तिला विचारलंत का? ती म्हणाली की मला माझी नोकरी सोडायची नाही, मी इथेच थांबते, तर तो तिचा निर्णय आहे आणि मग माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. पण तिच्या वतीने सोप्यात बसून तुम्ही ठरवू नका.

आता अडचणी. मानधन नसेल, कर्ज काढून जात असाल, तर मी हे सांगणार नाही. मानधन असलं तरी बायको-मुलीचा आरोग्य विमा विद्यापीठाकडून मिळतो की पदरचे भरावे लागतात ते आधी ईमेल करून विचारा. पदरचे भरायचे असतील तर रक्कम मोठी असते, आणि विम्याशिवाय पोराला तिकडे नेऊ नका. व्हिसासाठी विद्यापीठ आय-ट्वेंटी नावाचा कागद देतं, तो प्रत्येकाचा वेगळा निघतो आणि त्यासाठी बँकेत माणशी जास्तीचे पैसे दाखवावे लागतात, म्हणून तिघांचे कागद एकदमच करा, नाहीतर ऑगस्ट हुकेल. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी मात्र तुमच्या एकट्याचीच लागते. मुलीचं लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. विद्यापीठाच्या वसाहतीत नाव प्रवेश पक्का झाल्या दिवशीच लावा, रांग असते. आणि आमचं गाव लहान होतं, झाडीतलं, बसने फिरता येणारं. तुम्ही न्यूयॉर्कला जात असाल तर भाड्याचा हिशोब पार वेगळा, त्यावर मला बोलता येणार नाही.

2019च्या जूनमध्ये भाऊजी आणि सासूबाई आमच्याकडे तीन आठवडे आले होते. भाऊजी रोज त्याच टेबलावर जेवले. चौथ्या का पाचव्या दिवशी मी वाफ्यावरून परत आले तर ते टेबल उलटं करून जमिनीवर बसले होते. तो पाय आम्ही तीन वर्षं कागदाची घडी सारून चालवत होतो. भाऊजी चालत जाऊन दुकानातून बोल्ट, वायसर आणि पाना घेऊन आले होते. पाय पक्का केला, हलवून बघितला, हात धुतले आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे." लोढण्याबद्दल काही बोलले नाहीत. अजूनही नाहीत. मी वाट बघतेय.

खर्चाचं राहिलंच. पहिल्या महिन्यात सामानावर आमचे साडेतीनशे डॉलर गेले. त्यातले दीडशे गादीचे, कारण गादी आणि कापडी सोफा रस्त्यावरचा कधीच उचलायचा नाही, ढेकूण घरात शिरले की निघत नाहीत. लेकीची कार सीटही नवीच घेतली, जुन्या सीटला अपघातात मार बसलाय की नाही ते वरून कळत नाही. बाकी भांडी, दिवा, लेकीचे बूट आणि कोट जुन्या सामानाच्या दुकानातून. कुकरच्या चार रिंगा आणि दोन शिट्ट्या इथूनच न्या.