दाढेत काळा खड्डा आहे पण दुखत नाही, तरी दात भरून घ्यावा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: खालच्या दाढेत काळा खड्डा दिसतोय, दुखत अजिबात नाही, डॉक्टर 'भरून घ्या' म्हणतात. न दुखणारा दात उगाच कशाला उकरून घ्यायचा, त्रास किती होतो, आणि चांदी भरायची की दाताच्या रंगाचं सिमेंट?

मी डॉक्टर नाही. पेशंट म्हणून मात्र अनुभव दांडगा आहे. तोंडात तीन दाढा भरलेल्या आणि एक रूट कॅनाल करून कॅप बसवलेली. ही कॅपवाली दाढ एके काळी अगदी तुमच्या दाढेसारखीच होती. काळा खड्डा, दुखणं शून्य. २०१४ साली मला सांगितलं होतं, भरून घ्या. मी म्हणालो, बघू दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते काही बोललो नव्हतो. २०१७ च्या मे महिन्यात मामेभावाच्या लग्नाच्या पंगतीत गार मठ्ठ्याचा घोट घेतला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या रात्री दोन वाजता मी अंगणात फेऱ्या मारत होतो, गालाला ओला पंचा लावून.

न दुखण्याचं कारण साधं आहे. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट. पण त्यात नसा नसतात. तिथे कितीही पोखरलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गोड खाल्लं की दातावर बसलेले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातली खनिजं सुटायला लागतात. लाळ ते हळूहळू सावरून घेते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी हवा. माझे ऑफिसात दिवसाला सहा कटिंग व्हायचे, वर पारले-जी. लाळेने सावरायचं कधी? कवचाखालचा थर, डेंटिन, मऊ असतो. कीड तिथवर पोचली की आडवी पसरते. चौकटीला वाळवी लागल्यावर रंग शाबूत असतो आणि बोट दाबलं की आत जातं, तसं. आरशात मोहरीएवढा ठिपका दिसतो, उघडल्यावर आत तुरीच्या डाळीएवढी पोकळी निघते. दुखायला लागतं ते कीड आतल्या नसेजवळ गेल्यावर. तोवर बऱ्याचदा भरण्याची वेळ निघून गेलेली असते.

तरीही, प्रत्येक काळा ठिपका म्हणजे कीड नव्हे. दाढेच्या चिरांत चहाचे, तंबाखूचे, मिश्रीचे डाग बसतात. काही ठिकाणी सुरू झालेली कीड आपसूक थांबून तिथला भाग काळा पण टणक झालेला असतो. अगदी सुरुवातीचा पांढरट डाग फ्लोराइडने आणि गोड आवरल्याने परत सुधारूही शकतो. त्यामुळे पहिल्यांदा तोंड उघडायचं ते बोलायला: "डॉक्टर, एक्स-रे काढून मला दाखवता का, कीड कुठवर आहे?" यात त्यांचा अपमान नाही. एक्स-रेत कीड काळसर दिसते आणि नसेपासून किती लांब आहे हे आपल्यालाही समजतं. दोन दातांच्या फटीतली कीड तर पुष्कळदा एक्स-रेतच सापडते, आरशात नाही. एखादे डॉक्टर यावर चिडलेच तर दुसऱ्यांना दाखवा.

मला हे कळायला तीन दाढा लागल्या. आपण डॉक्टरांसमोर फार शहाण्या मुलासारखे बसतो. तोंडात मशीन, समोर शिकलेला माणूस, बाहेर बाकावर चार जण ताटकळलेले. विचारतील त्याला "हं हं" करायचं आणि सुटायचं. पहिल्या फिलिंगला मी तेच केलं. ते सांगतो, कारण दुखण्यापेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल.

सुन्न करायचं इंजेक्शन प्रत्येक वेळी लागत नाही. कीड वरवर असली तर तसंच होतं. मला दिलं होतं. खालच्या दाढेसाठी सुई पार मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला देतात. चिमटा काढल्यासारखं होतं, नंतर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ आपली राहत नाही. औषध लिग्नोकेन, त्यात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, म्हणून दोन मिनिटं छाती धडधडू शकते. बीपी, हृदय किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल, आधी कधी इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली असेल, तर ते आधीच सांगा. विचारायची वाट बघू नका.

मशीनच्या आवाजाने मात्र खरंच पोटात गोळा येतो. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं ते मशीनचं बारीक टोक, शिट्टीसारखं वाजतं. सोबत पाण्याचा फवारा, कारण नाहीतर दात तापेल. दुसरी, हळू फिरणारी मशीन आली की दुखत नाही पण सगळी कवटी थरथरते. तिने मऊ, कुजलेला भाग खरवडून काढतात. मला आधीच सांगून ठेवलं होतं की दुखलं तर डावा हात वर करा. एका क्षणी बारीक कळ आली. हात काही वर केला नाही. खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसलो. का, ते आजही सांगता यायचं नाही. हात वर केला असता तर अजून थोडं इंजेक्शन मिळालं असतं, एवढंच.

मग निळी जेल लावली, पंधरा-वीस सेकंद. ती आम्ल असते, दाताला खरखरीतपणा आणायला. जिभेवर थेंब आला तर चिंचेसारखी आंबट लागते. ती धुऊन, वाळवून, वर चिकटवायचं द्रव्य, आणि मग दाताच्या रंगाचा लगदा थोडा थोडा. दर थराला निळा उजेड. डॉक्टर नारिंगी काच आडवी धरतात, यंत्र टुंग टुंग वाजतं, थर कडक. एका वेळी दोन मिलिमीटरच्या आसपासच भरतात, म्हणून हे चार-पाचदा होतं. खड्डा दोन दातांच्या फटीत असेल तर पत्र्याची पातळ पट्टी आणि लाकडाची चिमुकली पाचर ठोकून बसवतात. हिरडीला ते जरा बोचतं. या सगळ्यात लाळ लागता कामा नये, म्हणून ती ओढणारी नळी ओठात अडकवलेली असते. घाईघाईत, ओल्या दातावर भरलेलं फिलिंग टिकत नाही. तेव्हा पाऊण तास गेला तर वैतागू नका.

आता खरी गंमत. शेवटी दातांत निळा कागद धरून म्हणतात, "चावा. घासा. उंच वाटतंय का?" माझा अर्धा जबडा बधिर. चावलेलं कुठे समजतंय? पण एवढं जाणवलं की उजवीकडे काहीतरी आधी टेकतंय, भातात खडा आल्यासारखं. मी म्हणालो, "ठीक आहे डॉक्टर." पैसे दिले आणि घरी आलो.

पुढचे आठ दिवस मी डावीकडूनच जेवलो. भाकरीचा तुकडा उजवीकडे गेला की कळ कपाळापर्यंत जायची. माझी खात्री झाली की फिलिंग बिघडलं, आता रूट कॅनाल. नवव्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी निळा कागद धरला, एक गडद ठिपका उमटला, तेवढाच घासला. दोन मिनिटं. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, "अहो, त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

केसाएवढा उंचवटा राहिला तरी सगळ्या चावण्याचा भार त्या एका दातावर येतो, म्हणून तो दुखतो. तुमची पाळी येईल तेव्हा पाच वेळा चावून बघा, पुढे-मागे, आडवं. झोपून नाही, उठून ताठ बसून चावा, कारण झोपल्यावर जबडा वेगळा टेकतो. पाचही वेळा "अजून लागतंय" म्हणा. बाहेरचे लोक थांबतील.

सिमेंट की चांदी, याचं उत्तर आता बरंचसं बाजारानेच दिलंय. चांदी म्हणजे अमाल्गम. चांदी, कथील आणि तांब्याची पूड पाऱ्यात कालवलेली, वजनाने निम्म्याच्या आसपास पाराच. मजबूत, स्वस्त, थोडी लाळ लागली तरी चालते. पण पाऱ्याचा वापर कमी करायच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर ती मागे पडत चालली आहे, आणि युरोपीय संघात २०२५ पासून अपवाद सोडता बंदच आहे. आईच्या तोंडात जुनी चांदी आहे, व्यवस्थित आहे. ती उगाच काढायची नाही, कारण उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. दाताच्या रंगाचं जे कॉम्पोझिट, तेच बहुतेक ठिकाणी सुचवतील. तिसरं एक असतं ग्लास आयोनोमर, जीआयसी म्हणतात. ते फ्लोराइड सोडत राहतं, हिरडीजवळच्या खड्ड्यांना आणि लहान मुलांच्या दातांना बरं. चावायच्या दाढेवर मात्र लवकर झिजतं. त्यामुळे "सिमेंट भरतो" म्हणाले तर कुठलं, ते विचारा. दरात आणि टिकण्यात फरक आहे.

लवंगेबद्दल कुणीतरी सांगेलच. आमची आजी दाढेत लवंग धरायची, आणि तिच्या लहानपणी गावात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' पाण्याच्या थाळीत पाडून दाखवणारी बाई यायची म्हणे. ते किडे म्हणजे बियांमधलेच अंकुर. दातात अळी नसते. १७२८ मध्ये पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने हे लिहून ठेवलंय. लवंगेचं मात्र खरं आहे. तिच्यातलं युजेनॉल बधिरता आणतं, आणि डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात पुष्कळदा तेच असतं. दवाखान्यात शिरल्याबरोबर येणारा तो वास लवंगेचाच. पण त्याने खड्डा भरत नाही. आणि कृपा करून दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून ठेवू नका, हिरडी भाजते.

खर्चाचं म्हणाल तर मी २०२३ मध्ये साताऱ्यात एका दाढेचे १२०० रुपये दिले. कॅपवाल्या दाढेचे त्याच्या सहा वर्षं आधी ९००० गेले होते. परवडत नसेल तर दंत महाविद्यालयात जा: मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी, मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी, गोव्यात बांबोळीला. तिथे विद्यार्थी करतात, प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघतात. वेळ दुप्पट जातो, पण माझ्या मते कामात कसर नसते.

भरल्यावर गार-गरम झोंबणं काही दिवस, कधी दोन आठवडेही चालतं आणि कमी कमी होत जातं. ते चालायचंच. पण कारण नसताना आपोआप ठणका लागला, रात्री झोपमोड झाली, गरम चहानंतर कळ मिनिटभर रेंगाळली, किंवा गाल सुजला, तर थांबू नका. तो नसेचा मामला असतो.

जाताना पोटभर जेवून जा. नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि चावताना तो ओठच आहे हे समजत नाही. माझ्या भाच्याने येता येता रिक्षात गंमत म्हणून खालचा ओठ चघळला, संध्याकाळी तो वडापावातल्या वड्याएवढा झाला होता. बधिरपणा उतरला की रात्री भाकरीचा घास मुद्दाम त्या बाजूने चावून बघा. उंच लागलं तर सकाळीच फोन करा.