बॅकअप बघणारा मुलगा आणि दीड लाखाचा कोर्स

नमस्कार काका, पत्र वाचलं. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमा, ५८ टक्के, पुण्यात एका ऑफिसात आयटी सपोर्टला, तुमच्या मते 'नुसता बॅकअप घेतो', म्हणून त्याने नोकरी सोडून दीड लाखाचा फुल स्टॅक कोर्स (वेबसाइटचा दिसणारा भाग आणि मागचा सर्व्हर, दोन्ही बनवायला शिकवणारा) करावा आणि त्यासाठी तुम्ही कर्जाचे कागदसुद्धा आणलेत. टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटली नाही. काळजी याची वाटली की एवढ्या मोठ्या पत्रात त्याला स्वतःला काय हवंय याची एक ओळ नाही, चुलतभावाचं पॅकेज मात्र तीनदा आलंय. रोज फोनवर हेच ऐकवलंत ना, तर एक दिवस तो फोन उचलायचं बंद करेल.

बॅकअप म्हणजे बटण दाबणं, हे आधी डोक्यातून काढा. तुम्हीच तक्रार केलीय की नवीन लॅपटॉप आले, बाकुला म्हणजे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालेना आणि पोरगा रात्रभर ऑफिसात अडकला. त्याने काय केलं ते बघा की! जुन्या पीसींचा बॅकअप व्यवस्थित होतोय, फक्त नवे लॅपटॉप फेल, पिंग जातोय म्हणजे लॅपटॉप नेटवर्कवर सापडतोय, बाकुलाचा क्लायंट ज्यावर ऐकतो तो ९१०२ पोर्टही उघडा आहे, तरी सगळे म्हणतायत नेटवर्कचाच घोळ, आणि हा शांतपणे व्हर्जन तपासत बसला. बाकुलात डायरेक्टर (काम चालवणारा भाग) आणि स्टोरेज (डेटा साठवणारा भाग) एकाच व्हर्जनचे लागतात, क्लायंट (प्रत्येक लॅपटॉपवर बसवलेला भाग) त्यांच्यापेक्षा जुना असला तर सहसा चालून जातो, पण नवा असला तर चालेलच असं नाही. कुणीतरी नेटवरून ताजा क्लायंट टाकला होता, याने सर्व्हरच्या व्हर्जनचा टाकला आणि काम झालं. हे डोकं दीड लाख भरून मिळत नाही हो.

कर्ज काढू नका. फुल स्टॅक वाईट नाही, पण ते त्याने मागितलेलं नाही. सर्व्हरवर चालणारं लिनक्स पक्कं करून आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्सची परीक्षा), नेटवर्कसाठी सीसीएनए (सिस्कोची परीक्षा), पुढे क्लाउड, हा रस्ता त्याच्या कामाला धरून आहे. एक गोष्ट मात्र त्याने आजपासून करावी, दर महिन्याला एखादं फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून, म्हणजे परत आणून, फायली खरंच उघडतात का बघावं, किती वेळ लागला ते लिहून ठेवावं. बॅकअपचा जॉब 'ओके' दिसला म्हणजे डेटा परत मिळेलच असं नसतं, आणि इंटरव्ह्यूत हे सांगता आलं तर फरक पडतो.

रात्रीच्या कामाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. त्याचे पैसे किंवा बदली सुट्टी मिळते का ते विचारा, मिळत नसेल तर अनुभव जमवून दुसरीकडे अर्ज करू दे.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू दे, तुम्ही शेजारी न बसता.