एखादा प्रसंग डोळ्यांसमोर लख्ख दिसत असेल, तर ती आठवण खरीच असते ना?

नाही. आणि हे मी स्वतः तोंडघशी पडून सांगतोय.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, लकडी पूल पाण्याखाली. आम्ही नारायण पेठेत, मी सहा वर्षांचा. आजही दिसतं: शेजारच्या वाड्याची गच्ची, मी आण्णांच्या खांद्यावर, आई ओच्यात देव घेऊन दारात, खाली कुणाचा तरी पाळणा वाहत चाललाय. दादा म्हणतो, खांद्यावर तो होता. दर जुलैत आमची यावरून जुंपते. (नऊ वर्षांच्या घोड्याला खांद्यावर कोण घेतं?)

गेल्या वर्षी वाईला मामाचं घर आवरताना तारेला ओवलेली पत्रं निघाली. त्यात आण्णांनी आजोबांना लिहिलेलं कार्ड, १६ जुलैचं: घरात गुडघाभर गाळ, नळाला पाणी नाही, 'मुलांस तूर्त तिकडेच ठेवावे'. धाकटी बहीण ऑगस्ट १९६१ची. म्हणजे आई बाळंतपणाला माहेरी आणि आम्ही तिच्याबरोबर! हा साधा हिशोब साठ वर्षांत कुणी केला नाही, खुद्द बहिणीनंही.

मग पाळणा कुठला? मेंदू आठवण फोटोसारखी ठेवत नाही. तुकडे ठेवतो आणि दर वेळी नव्यानं जुळवतो. त्यात ऐकीव गोष्टीही मिसळतात; गोष्ट राहते, कुणाकडून आली ते पुसलं जातं. पुराच्या गोष्टी वाड्यात कमी का झाल्या!

उलरिक नायसर हे स्मृतीवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असं त्यांना कित्येक वर्षं पक्कं आठवायचं. डिसेंबरात बेसबॉल नसतोच. १९८६ला चॅलेंजर यान फुटलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी विचारलं, तर पाव मुलांचं सगळंच चुकलेलं. स्वतःचं अक्षर दाखवलं तरी नवीच आठवण खरी म्हणून धरून बसले!

दादाचंही तेच. तारेचं भोक नेमकं 'मुलांस'च्या 'ला'वर पडलंय. त्याचं म्हणणं, अनुस्वार नव्हताच, 'मुलास' आहे. तू वाईला, मी शाळेसाठी आण्णांजवळ. ज्या आण्णांना चहा करता येत नव्हता, त्यांनी याला सांभाळलं म्हणे.

तेव्हा महत्त्वाचं काही घडलं तर त्याच रात्री तारीख घालून लिहा, आणि कागद तारेला ओवू नका. अर्थात सगळ्याच आठवणी खोट्या नसतात. पूर आला हे खरंच होतं, घोळ बारकाव्यांत होतो. कुणी आपलं दुःख सांगत असेल तर त्याच्या तोंडावर हे उत्तर फेकू नका.

रविवारी बहिणीकडे भिंग घेऊन बसायचं ठरलंय.