वाचकांचे प्रश्न : अनुमापनाची रीडिंग जुळत नाहीत

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती (द्रावणातले प्रमाण) अनुमापनाने, म्हणजे माहीत संहतीचे द्रावण मोजून सोडत, काढायची आहे. दर वेळी १० मिली आम्ल, ब्युरेटमध्ये (तोटीच्या मापनळीत) ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइड, रंग बदलणारा दर्शक फिनॉल्फ्थॅलीन. रीडिंग ९.८, ९.३, ९.९ मिली आली. गुलाबी रंगही थोड्या वेळाने उडतो. सरासरी काढून चालेल का?

उत्तर : नाही. रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळल्याशिवाय सरासरीला अर्थ नाही.

रंगाची काळजी सोडा. फिकट गुलाबी छटा फ्लास्क हलवूनही अर्धा मिनिट टिकली, की अंत्यबिंदू आला, म्हणजे थांबायची वेळ झाली. पुढे ती उडते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो. अशा वेळी आणखी थेंब घालत बसू नये. गडद गुलाबी मात्र झालाच, तर ते रीडिंग सरळ खोडा.

आता ९.३. रीडिंग कमी आले की आधी ब्युरेटवर फनेल राहिले होते का, ते आठवा. सुरुवातीचे रीडिंग घेतल्यावर फनेलला लोंबणारे थेंब आत पडतात, पातळी वर चढते आणि खर्च कमी दिसतो. जास्त रीडिंगचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे तोटीखालचा हवेचा बुडबुडा. तो मध्येच सुटला की त्याच्या जागेत भरलेले द्रावणही खर्चात धरले जाते, फ्लास्कमध्ये मात्र पडतच नाही. तोटी क्षणभर पूर्ण उघडून तो आधीच घालवा.

ब्युरेट शेवटी त्यात भरायच्या द्रावणानेच खंगाळा, आम्ल मोजून घ्यायची नळी म्हणजे पिपेट आम्लाने. फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने; तो ओला राहिला तरी बिघडत नाही, आम्लाचे मोल तेवढेच राहतात. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकू नका. पहिले रीडिंग अंदाजाचे धरा. पुढच्या वेळी शेवटचा एक मिली थेंबाथेंबाने सोडा.

शिवाय तुमचे ‘०.१ मोलर’ तपासले आहे का? सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करता करताच ओलावा धरतात. १.५७६ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल २५० मिलीपर्यंत विरघळवा, हे ०.०५ मोलर झाले. त्याच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात; म्हणून त्याच्या १० मिलीला तुमचे १०.४ मिली लागले, तर तुमचे द्रावण ०.०९६ मोलरच आहे. हिशेबात हाच आकडा घ्या.

प्रश्न : सल्फ्युरिक आम्लाचे उत्तर अपेक्षेच्या दुप्पट येते.

उत्तर : त्याच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. २ ने भागायचे राहिले असेल. बाटलीवर मोलर लिहिले आहे की नॉर्मल, तेही पाहा; सल्फ्युरिक आम्लाचे १ मोलर म्हणजे २ नॉर्मल.