पिशवी काढली की सुटका होईल का?

“अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते. डॉक्टर म्हणले पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. काढून टाकू का?” बीड जिल्ह्यात दसरा जवळ आला की आमच्या सरकारी दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघण्याआधी बायकांना गर्भाशयाच्या पिशवीचा निकाल लावायचा असतो.

अशीच आलेली एक बाई, वय एकोणतीस (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). दोन लेकरं, नसबंदी झालेली. सोबत नवरा आणि कॅरीबॅगेत सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्यात गाठ नाही, काही नाही. पिशवी जरा मोठी दिसते, एवढंच. बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसण्यात नवल ते काय? पण तेवढ्यावर खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि पैसे मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) उचलीत, म्हणजे आगाऊ मजुरीत, वाढवून देणार होता.

कॅन्सरचा विषय मी मागे ठेवला. आधी विचारलं, “फडावर, ऊसतोडीच्या रानात, पाळीचा कपडा कुठं वाळवतेस?” ती नवऱ्याकडं बघायला लागली. तो पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा म्हणाली, “कोपीत, गोधडीखाली. भाईर टाकला तर समद्यांच्या नजरंला पडतो.” कोपी म्हणजे टोळीवरची झोपडी. पाणी तुटपुंजं, उन्हाचा पत्ता नाही. जंतुसंसर्गाला एवढं पुरेसं असतं.

आमच्या डॉक्टरांच्या तपासणीत तेच निघालं. दोघांनाही गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन आठ, म्हणून लोहाच्या गोळ्या. गर्भाशयाच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून करतात ती तपासणीही केली, ती ठीक आली. धुपणीतून, म्हणजे पांढरं जाण्यातून, कॅन्सर होत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिल्याने. मात्र संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास असला, तर लगेच दाखवायचं.

एवढं सांगून झाल्यावर नवरा बोलला, “पण म्याडम, पाळीत ती दोन दिस आडवी पडती. एकाचा खाडा म्हंजी कोयत्याचाच खाडा. पाचशे कापतेत.” टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. खरं दुखणं हे होतं. मी म्हटलं, “मग ऑपरेशननंतर निदान दीड महिना जड उचलायचं नसतं. मोळ्या कोण उचलणार?” त्यांना ‘आठ दिसात कामाला लागंल’ असं सांगितलेलं. तो बोटांवर हिशेब मांडत राहिला. पिशवीबरोबर बीजकोषही (अंडाशय) काढले तर पाळी एकदम बंद होते, अंगाची आग होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. बीजकोष ठेवले तरी ते वेळेआधी थकू शकतात. हे तिला तिशीच्या आत कशाला?

२०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तेव्हापासून जिल्ह्यात खासगी दवाखान्यालाही या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. काहींना ती आडकाठी वाटते. मला विचाराल तर फुकटात दुसरं मत मिळतंय, ते का सोडा? या जोडप्याला परवानगीचं कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशन रद्द झालं, ती हंगामाला गेली. परतल्यावर धुपणी थांबलेली होती. कंबर अजून दुखते; मोळ्या वाहणाऱ्या कंबरेला माझ्याकडं औषध नाही.

पिशवी काढावी लागतच नाही असं नाही. गोळ्या-औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, फार खाली आलेली पिशवी, कॅन्सर, यात काढावी लागते आणि तेव्हा मीच सांगते, जा म्हणून. पण फक्त पांढरं जातं म्हणून कुणी तारीख दिली असेल, तर पैसे भरण्याआधी रिपोर्ट घेऊन सरकारी दवाखान्यात या. नवऱ्यालाही आणा.