विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात वैमानिकांना राष्ट्रीय (अनेक कंपन्यांच्या वैमानिकांची मिळून एकच) संघटनेचा फायदा होतो का?

पगाराच्या वाटाघाटीत नक्की होतो. सेवाज्येष्ठतेची यादी, म्हणजे कॅप्टन होण्याचा नंबर ठरवणारी यादी, एकत्र करायची वेळ आली की मात्र गोची होते, कारण भांडणारे दोन्ही कंपन्यांचे वैमानिक त्या संघटनेचेच वर्गणीदार.

अमेरिकेत २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या एकत्र आल्या. दोन्हीकडे वैमानिकांची संघटना एकच, आल्पा (एअर लाइन पायलट्स असोसिएशन). २००७ मध्ये लवादाने यादी लावली. यूएस एअरवेजच्या अनेक जुन्याजाणत्यांना नंबर खाली गेल्यासारखं वाटलं. २००८ मध्ये त्यांनी बहुमताने आल्पालाच रामराम ठोकला आणि स्वतःची संघटना काढली. भांडण पुढे कित्येक वर्षं कोर्टात!

पण वेगळ्या चुली मांडूनही भागत नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. २०१२ मध्ये बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कुणाला यावरून एअर इंडियाच्या जुन्या वैमानिकांचा जवळपास दोन महिने संप चालला.

माझा भाचा वैमानिक आहे. कोथरूडला जेवायला आला की वरणभात कालवता कालवता सांगतो, "मामा, नंबर शंभराने घसरला तर कॅप्टनची पट्टी काही वर्षं लांबते." (कॅप्टनच्या गणवेशावरच्या चार पट्ट्यांचं त्याला भारी वेड.)

माझं मत: संघटना राष्ट्रीय असावी, पण यादीसाठी दोन्ही गटांचे वकील वेगळे आणि लवाद त्रयस्थ हवा.